पानिपत, पाँडिचेरी आणि उधारीवरचं युद्ध

१४ जानेवारी १७६१ ही तारीख मराठी माणसाला पाठ करावी लागत नाही. पण त्याच आठवड्यात, १६ जानेवारीला, पाँडिचेरीवरचं फ्रेंच निशाण उतरलं आणि आयर कूटची इंग्रज फौज गावात शिरली, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक असतं? शाळेत पानिपत मराठ्यांच्या धड्यात होतं आणि पाँडिचेरी 'युरोपीय सत्तांचे आगमन' या धड्यात. दोन धड्यांत इतकी पानं, की दोन्ही गोष्टी एकाच आठवड्यात घडल्या असतील असं मनातही यायचं नाही. दोन्हीकडे हरलेल्या बाजूची रसद तुटली होती, खजिना रिकामा होता आणि छावणीत उपासमार चालू होती. शिवाय दोन्ही लढायांना जोडणारा एक माणूस आहे, आपला इब्राहिमखान गारदी. त्याच्याकडे येतेच.

मी पेशाने ऑडिटर. आता निवृत्त आहे, पण सवयी जात नाहीत. इतिहासाचं पुस्तक हातात आलं की सेनापतींचे पराक्रम मी भराभर उलटते आणि पैसे कुठून आले, कुणी दिले, बिल कुणाच्या नावावर फाडलं, हे शोधत बसते. या नजरेने वाचायला मला सगळ्यात आवडलेलं प्रकरण म्हणजे १७५६ ते १७६३ चं सप्तवार्षिक युद्ध. इंग्रज आणि फ्रेंच जगभर भिडले: कॅनडा, कॅरिबियन बेटं, पश्चिम आफ्रिका, जर्मनी, बंगाल, कर्नाटक (तेव्हाचं, म्हणजे मद्रासभोवतालचा मुलूख), शेवटी तर फिलिपिन्ससुद्धा. त्यात आपण मराठेही होतो. नुसते प्रेक्षक म्हणून नव्हे.

आधी कारणं. पुस्तकात 'व्यापारी स्पर्धा' असे दोन शब्द असतात आणि मुलं ते परीक्षेत लिहून मोकळी होतात. प्रत्यक्षात काय होतं ते ओहायो नदीच्या खोऱ्यात बघा. १७४९ मध्ये इंग्लंडच्या राजाने 'ओहायो कंपनी' नावाच्या मंडळीला तिथली २ लाख एकर जमीन देऊ केली. अट एवढीच, की शंभर कुटुंबं वसवा आणि एक किल्ला बांधा. त्याच वर्षी फ्रेंचांनी सेलोरों नावाच्या अधिकाऱ्याला त्याच खोऱ्यात पाठवलं. हा गृहस्थ होड्यांमधून नदी उतरत गेला आणि 'ही भूमी पंधराव्या लुईची' असं कोरलेले शिशाचे पत्रे काठाकाठाने जमिनीत पुरत गेला. एकाने सनद लिहिली, दुसऱ्याने पत्रा पुरला. जमिनीवर ज्यांची गावं होती त्या शॉनी, डेलावेअर, मिंगो लोकांना दोघांनीही विचारलं नाही.

आता ऑडिटरचे कान टवकारतील अशी गोष्ट. ओहायो खोऱ्यातून फ्रेंचांना हाकला, असा आग्रह लंडनकडे धरणारा व्हर्जिनियाचा लेफ्टनंट गव्हर्नर रॉबर्ट डिनविडी स्वतः ओहायो कंपनीचा भागीदार होता. त्याने मोहिमेवर पाठवलेला बावीस वर्षांचा तरुण होता जॉर्ज वॉशिंग्टन. त्याचा थोरला भाऊ लॉरेन्स कंपनीच्या सुरुवातीच्या भागधारकांपैकी. वॉशिंग्टन स्वतः जमीन मोजणारा, त्यामुळे कुठली जमीन कसदार आहे हे त्याला नेमकं कळत होतं. सरकारी फौज, सरकारी खर्च आणि फायदा भागधारकांना. माझ्या रिपोर्टमध्ये याला 'रिलेटेड पार्टी', म्हणजे आपल्याच माणसांशी केलेला व्यवहार, म्हणून लाल शेरा बसला असता. लंडनमध्ये कुणी शेरा मारला नाही.

२८ मे १७५४ च्या पहाटे वॉशिंग्टनची तुकडी आणि मिंगोंचा पुढारी तानाकारिसन यांनी एका घळीत तळ ठोकलेल्या फ्रेंच टोळीला घेरलं. चकमक काही मिनिटांत आटोपली. फ्रेंचांचा अधिकारी जुमोनव्हिल मारला गेला. तो लढायला आला होता की निरोप घेऊन, यावर दोन्ही देश पुढे वर्षानुवर्षं भांडले. महिन्याभराने, जुलैत, वॉशिंग्टनला फोर्ट नेसेसिटी या तकलादू कोटात फ्रेंचांपुढे शरण यावं लागलं. युरोपात युद्ध जाहीर व्हायला अजून जवळजवळ दोन वर्षं होती. मधल्या काळात इंग्रज आरमाराने फ्रेंचांची सुमारे ३०० व्यापारी जहाजं धरली आणि नोव्हास्कोशियातल्या फ्रेंच भाषिक अकेडियन शेतकऱ्यांना घरादारासकट उखडायला सुरुवात केली. पुढच्या काही वर्षांत दहा हजारांहून अधिक माणसं जहाजांत कोंबून देशोधडीला लावली. हे सगळं 'शांततेच्या' काळात!

मुळात १७४८ चा एक्स-ला-शापेलचा तह हाच अर्धवट हिशेब होता. आधीच्या युद्धात फ्रेंचांनी मद्रास जिंकलं होतं आणि न्यू इंग्लंडच्या वसाहतवाल्यांनी कॅनडाच्या तोंडाशी असलेला लुईबर्गचा किल्ला. तहात अदलाबदल झाली: लुईबर्ग फ्रेंचांना परत, मद्रास इंग्रजांना परत. ज्या वसाहतवाल्यांनी लुईबर्गसाठी माणसं गमावली ते संतापले. त्यांच्या रक्ताच्या बदल्यात कुठलंतरी हिंदुस्थानातलं बंदर? पृथ्वीच्या दोन टोकांच्या वस्तू एकाच तराजूत घालायची पद्धत तेव्हाच पडली होती.

आता कोकणाकडे. १७५५ च्या अखेरीस रॉबर्ट क्लाइव्ह फौज आणि तोफा घेऊन मुंबईत उतरला. कशासाठी? मुंबईहून वर चढायचं, पेशव्यांना बरोबर घ्यायचं आणि दख्खनमध्ये निजामाच्या दरबारी ठाण मांडून बसलेल्या फ्रेंच सेनानी बुसीला हुसकायचं. हा बुसी म्हणजे आपल्या कागदपत्रांतला 'मुसा बुसी'. १७५१ पासून निजाम सलाबतजंगाची गादी त्याच्या पलटणींवर उभी होती. १७५३ मध्ये त्या पलटणींच्या पगारासाठी त्याने आंध्र किनाऱ्यावरचे चार सरकार जिल्हेच लिहून घेतले होते. पण क्लाइव्ह पोचेपर्यंत दक्षिणेत इंग्रज आणि फ्रेंच या दोन्ही ईस्ट इंडिया कंपन्यांनी तात्पुरता समेट केला होता. मोहीम बारगळली. अॅडमिरल वॉटसनचं आरमार मुंबईत, क्लाइव्हची फौज मुंबईत, आणि काम नाही.

मग ते काम विजयदुर्गावर निघालं. तुळाजी आंग्रे पेशव्यांचं ऐकत नव्हता हे खरंच. सुवर्णदुर्ग आदल्याच वर्षी इंग्रजांच्या मदतीने घेतला होता. फेब्रुवारी १७५६ मध्ये वॉटसनने विजयदुर्गावर समुद्रातून भडिमार केला, क्लाइव्ह जमिनीवरून आला. एका जहाजाला आग लागली, तिथून दुसऱ्याला, आणि बघता बघता आंग्र्यांचं आरमार बंदरातच जळून गेलं. १३ फेब्रुवारीला किल्ला पडला. आत सुमारे दहा लाखांची लूट सापडली. या लुटीची वाटणी कशी करायची हे इंग्रज अधिकाऱ्यांनी मुंबईहून निघायच्या आधीच बैठक घेऊन ठरवलं होतं, कुणाला किती वाटा इथपर्यंत. त्या वाटणीत पेशव्यांच्या फौजेचं नावच नव्हतं. किल्ला नंतर मराठ्यांना मिळाला, पण बाणकोट देऊन. नानासाहेबांच्या दरबारात कारकून कमी नव्हते. लढाईआधी भागीदाराचा करार लिहून घ्यायला कुणालाच कसं सुचलं नाही, याचा मला अजून राग येतो.

म्हणजे बघा, फ्रेंचांविरुद्ध आणलेल्या फौजेने पहिला तुकडा मोडला तो मराठ्यांच्या आरमाराचा. हीच माणसं, हीच जहाजं वर्षाच्या अखेरीला बंगालमध्ये पोचली.

युरोपातलं राजकारण मी चार वाक्यांत उरकते, कारण ते वाचताना माझंच डोकं गरगरतं. प्रशियाच्या फ्रेडरिकने ऑस्ट्रियाचा सायलेशिया प्रांत बळकावला होता आणि मारिया थेरेसाला तो परत हवा होता. १७५६ मध्ये सगळ्यांनी जोडीदार बदलले: इंग्लंड प्रशियाकडे, फ्रान्स आपल्या पिढीजात वैऱ्याकडे, म्हणजे ऑस्ट्रियाकडे. मे महिन्यात इंग्लंडने फ्रान्सविरुद्ध युद्ध पुकारलं, ऑगस्टअखेर फ्रेडरिक सॅक्सनीत घुसला. इंग्लंडचं युद्ध चालवणारा मंत्री विल्यम पिट याच्या मनातला डाव सोपा होता, फ्रेंचांना जर्मनीच्या चिखलात अडकवून ठेवायचं आणि तेवढ्यात त्यांच्या वसाहती उचलायच्या. त्यासाठी १७५८ पासून फ्रेडरिकला वर्षाला ६ लाख ७० हजार पौंड मोजले जात होते.

बंगालमध्ये जून १७५६ मध्ये नवाब सिराज उद्दौल्याने इंग्रजांचं कलकत्ता घेतलं, जानेवारी १७५७ मध्ये क्लाइव्ह-वॉटसनने परत मिळवलं. आता शेजारच्या चंद्रनगरच्या फ्रेंचांचं काय करायचं? तिथल्या फ्रेंचांना लढाई नकोच होती. गंगेवर आपण तटस्थ राहू, अशी बोलणीही झाली. पण युरोपातल्या युद्धाची बातमी येऊन धडकली होती. सिराजचं अर्धं लक्ष दिल्ली लुटून बसलेल्या अब्दालीकडे होतं, तो इकडे येतो की काय या धास्तीने. २३ मार्चला चंद्रनगर पडलं. तीन महिन्यांनी, २३ जूनला, प्लासी. तिथे तोफांपेक्षा जगतशेठांच्या पेढीचं वजन जास्त होतं, हे आता सगळ्यांनाच माहीत आहे. सिराजच्या जागी बसवलेल्या नव्या नवाबाकडून एकट्या क्लाइव्हने २ लाख ३४ हजार पौंड उचलले. पुढे पार्लमेंटमध्ये चौकशी झाली तेव्हा, मी किती संयम पाळला याचंच मला नवल वाटतं, अशा अर्थाचं उत्तर त्याने दिलं. काय बोलणार?

आता माझा आवडता भाग, कर्ज.

इंग्लंडकडे फ्रान्सच्या निम्मीसुद्धा लोकसंख्या नव्हती. जमीन कमी, महसुलाचा पाया लहान. पण त्यांना कर्ज स्वस्त मिळत होतं. साधारण तीन-चार टक्क्यांनी. कारण प्रत्येक कर्जामागे पार्लमेंट एखादा कर तारण लावून देत असे आणि व्याजाचा हप्ता चुकत नसे. लंडनचे व्यापारी, विधवा, पाद्री, एवढंच काय अॅम्स्टरडॅमचे सावकारसुद्धा हे रोखे घेत. पिट भाषणं गाजवत होता तेव्हा त्याच्यासाठी दरवर्षी पैसा उभा करणारा माणूस होता ड्यूक ऑफ न्यूकॅसल. चिडका, घाबरट, सतत कटकट करणारा म्हणून त्याची थट्टा होते. मला मात्र तो जवळचा वाटतो. ज्याला आकडे दिसतात तो घाबरणारच.

फ्रान्समध्ये राजाचा शब्द हेच तारण. आणि राजे कर्ज बुडवतात हा सावकारांचा जुना अनुभव. १७२० मध्ये जॉन लॉच्या बँकेचा बोजवारा उडाल्यापासून मध्यवर्ती बँक नव्हती. सरदार आणि धर्मसंस्था करांतून बऱ्याच अंशी सुटलेल्या. १७५९ च्या शरद ऋतूत सरकारने कॅनडातून आलेल्या हुंड्यांचं पेमेंट थांबवलं. त्याच सुमारास पंधराव्या लुईने राजवाड्यातली चांदीची ताटं-भांडी वितळवायला टांकसाळीत पाठवली. त्याच नोव्हेंबरात इंग्रज आरमाराने क्विबेरॉनच्या उपसागरात, वादळात, खडकांमध्ये शिरून फ्रेंच आरमार मोडलं. घरात चांदी वितळत होती आणि समुद्रावर जहाजं बुडत होती. त्या राजाला यापुढे कर्ज कोण देणार?

कॅनडात काय चाललं होतं ते तर ऑडिटरच्या स्वप्नात येईल असं. तिथला रसद आणि खजिन्याचा प्रमुख होता फ्रान्स्वा बिगो. पद्धत अशी: सरकारी गोदामातला माल आपल्या टोळीला स्वस्तात विकायचा आणि तोच माल सरकारसाठी चढ्या भावाने परत घ्यायचा. क्वेबेकमध्ये लोकांनी त्यांच्या एका कोठाराचं नावच 'ला फ्रिपोन', म्हणजे 'ठकडी', असं पाडलं होतं. लोकांना रेशनवर घोड्याचं मांस वाटायची वेळ आली. माँट्रियलच्या बायका गव्हर्नरच्या दारात गेल्या आणि ते मांस घ्यायला त्यांनी साफ नकार दिला. त्याच हिवाळ्यात बिगोच्या घरी जुगार आणि नाच चालू होते. सप्टेंबर १७५९ मध्ये क्वेबेकच्या लढाईत दोन्ही सेनापती, इंग्रजांचा वुल्फ आणि फ्रेंचांचा माँकाम, मेले, आणि चित्रकारांनी ती लढाई अमर केली. पण ते शहर आतून कितीतरी आधीच पोखरलं होतं. बिगोला पुढे पॅरिसच्या बास्तीय तुरुंगात टाकलं, खटला चालला, दंड आणि हद्दपारी झाली. पैसे गेले ते गेलेच.

इकडे दक्षिणेत एप्रिल १७५८ मध्ये पाँडिचेरीला कौंट लाली उतरला. आयरिश रक्ताचा, शूर, तापट, आणि हिंदुस्थानाबद्दल काहीही न जाणणारा. खजिन्यात खडखडाट. त्याने इंग्रजांचा फोर्ट सेंट डेव्हिड घेतला आणि मग मद्रासवर जायला पैसे हवेत म्हणून नजर टाकली तंजावरवर. तंजावरचे राजे प्रतापसिंह भोसले यांच्याकडून ५६ लाखांचं जुनं येणं आहे, असा एक कागद फ्रेंचांच्या दप्तरात पडून होता. कर्नाटकाच्या नवाबीसाठी फ्रेंचांनी उभा केलेल्या चंदासाहेबाच्या हातून आलेला. जुन्या थकबाकीच्या वसुलीसाठी सैन्य घेऊन निघालेला हा सेनापती! वाटेत त्याने देवळं लुटली, हेर समजून ब्राह्मणांना तोफेच्या तोंडी दिलं. तंजावरकरांनी बोलणी लांबवत नेली, लालीचा दारूगोळा संपत आला आणि ऑगस्टमध्ये तो रिकाम्या हाताने परतला.

त्याआधीच त्याने एक हुकूम सोडला होता, आणि आपल्या दृष्टीने सगळ्या युद्धातला हाच मोठा हुकूम. बुसीला हैदराबादहून परत बोलावलं. बुसीने विनवून सांगितलं की मी निघालो तर इथलं सात वर्षांचं काम मातीत जाईल. लालीने ऐकलं नाही. बुसी निघाला. क्लाइव्हने बंगालमधून कर्नल फोर्डला पाठवलं आणि एप्रिल १७५९ पर्यंत मछलीपट्टण, म्हणजे सरकार जिल्ह्यांचं नाक, इंग्रजांकडे गेलं. ज्या महसुलावर फ्रेंच पलटणी पोसल्या जात होत्या तो महसूलच गेला. ऑक्टोबर १७५९ मध्ये लालीच्याच गोऱ्या शिपायांनी कित्येक महिन्यांच्या थकलेल्या पगारासाठी बंड केलं.

२२ जानेवारी १७६० ला वांदिवाशची लढाई. कूटने लालीला मोडलं, बुसी कैद झाला. मुरारराव घोरपड्यांचे भाडोत्री स्वार फ्रेंचांकडे होते, त्यांनी लढाईत अंग राखलं. आणि बारा दिवसांनी, ३ फेब्रुवारीला, उदगीर. सदाशिवरावभाऊंनी निजामाला गुडघे टेकायला लावले आणि सुमारे ६० लाखांचा मुलूख, शिवाय दौलताबाद, विजापूर, बुऱ्हाणपूर पदरात पाडून घेतलं. उदगीरच्या विजयाचं श्रेय भाऊंना आणि इब्राहिमखानाच्या तोफांना द्यायलाच हवं. पण निजामाच्या बाजूला या वेळी मुसा बुसी नव्हता. तो का नव्हता, हे पाँडिचेरीच्या रिकाम्या तिजोरीत बघावं लागतं.

इब्राहिमखान बुसीच्याच पलटणींत तयार झालेला. फ्रेंच गेले, तो सलाबतजंगाचा भाऊ निजामअली याच्याकडे आला, तिथून मराठ्यांकडे. फ्रेंचांचा कारखाना बंद पडला आणि त्यातला सगळ्यात कसबी कारागीर आपल्या हाती लागला. वर्षभराने पानिपतावर त्याच्या आठ-नऊ हजार गारद्यांनी रोहिल्यांची जी दैना केली ती आपण वाचलेली आहे. त्याचं पुढे काय झालं तेही. कवायती पायदळ आणि तोफा हे भाऊंनी उदगीरला पाहिलं आणि त्याच भरवशावर ते उत्तरेत उतरले, असं मला वाटतं. उदगीर इतकं सोपं गेलं नसतं, तर पानिपतावर जाण्याचा निर्णय तसाच झाला असता का? मला शंका आहे. कुणाचं वेगळं मत असेल तर मला वाचायला आवडेल.

पाँडिचेरीला वेढा पडला तेव्हा आत अन्न नव्हतं. लालीने शहरातल्या शेकडो स्थानिक लोकांना तोंडं कमी करायला तटाबाहेर काढलं. १ जानेवारी १७६१ ला भयानक वादळ झालं, वेढा घालणारी इंग्रजांची कित्येक जहाजं बुडाली, हजारावर खलाशी मेले. एखाद्या कादंबरीत इथे पारडं फिरलं असतं. पण थोड्याच दिवसांत दुसरी जहाजं येऊन उभी राहिली. फ्रेंचांकडे एकही आलं नाही. शरणागतीनंतर इंग्रजांनी शहर जवळजवळ जमीनदोस्त केलं. लालीला पॅरिसमध्ये राजद्रोहाच्या आरोपाखाली, बोलू नये म्हणून तोंडात बोळा कोंबून, मे १७६६ मध्ये शिरच्छेद करून मारलं. तिजोरी रिकामी ठेवणाऱ्यांपैकी कुणाचं डोकं गेलं नाही. व्हॉल्तेरने त्याच्यासाठी लेखणी झिजवली आणि १७७८ मध्ये निकाल रद्द झाला. तोवर काय उपयोग?

१७६२ मध्ये स्पेन युद्धात पडला आणि इंग्रजांनी हवाना व मनिला दोन्ही घेतली. हवानात लढाईपेक्षा तापाने हजारो मेले. मनिलाची मोहीम मद्रासहून निघाली होती, त्यात हिंदी शिपाई होते. त्यातले काही परतलेच नाहीत, मनिलाजवळच्या कैंता गावात राहिले, आणि त्यांचे वंशज आजही तिथे आहेत असं सांगतात. तहावर बोलणी झाली तेव्हा मनिला जिंकल्याची बातमी लंडनला पोचलीच नव्हती. मनिला परत दिली गेली.

१० फेब्रुवारी १७६३ चा पॅरिसचा तह. इंग्लंडमध्ये खरा वाद रंगला होता की कॅनडा ठेवायचा की ग्वादलूप. एकीकडे बर्फाळ खंड, दुसरीकडे साखर पिकवणारं एक बेट, जिथे इंग्रजांनी ताब्याच्या चार वर्षांत हजारो आफ्रिकी गुलाम आणून उतरवले होते. शेवटी कॅनडा ठेवला. एक कारण असं, की इंग्रजी बेटांवरच्या मळेवाल्यांना ग्वादलूपची साखर बाजारात नकोच होती, भाव पडले असते. फ्रान्सला पाँडिचेरी, चंद्रनगर, माहे, कारिकल, यानम परत मिळालं, पण बंगालमध्ये किल्ला आणि फौज नाही या अटीवर.

त्या तहाचं अकरावं कलम मी पुन्हा पुन्हा वाचलंय. हिंदुस्थानात शांतता राहावी म्हणून दोन्ही राजे मान्य करतात की महंमदअली हा कर्नाटकाचा कायदेशीर नवाब आणि सलाबतजंग हा दख्खनचा कायदेशीर सुभेदार. सलाबतजंगाला त्याच्या भावाने, निजामअलीने, जुलै १७६२ मध्येच पदच्युत करून कैदेत टाकलं होतं. सही करणाऱ्यांनी जिवंत माणसाची खात्री करून घ्यायची असते, ही आमच्या पेशातली पहिली शिकवण. इथे युरोपच्या दोन बलाढ्य राजांनी एका कैद्याला सुभेदारीचं प्रमाणपत्र दिलं. सप्टेंबर १७६३ मध्ये तो बिदरच्या किल्ल्यात मेला.

जिंकल्यावर बिल आलं. इंग्लंडचं राष्ट्रीय कर्ज सुमारे साडेसात कोटी पौंडांवरून १३ कोटी ३० लाखांच्या घरात गेलं. सरकारच्या वार्षिक खर्चातला निम्म्याहून जास्त भाग नुसत्या व्याजात. घरच्या लोकांवर आणखी कर लादणं अवघड होतं. १७६३ मध्ये सायडरवर, म्हणजे सफरचंदाच्या दारूवर, कर लावला तर पश्चिम इंग्लंडात दंगे उसळले. मग पैसे कुठून आणायचे?

दोन्ही उत्तरं एकाच वर्षातली आहेत. मार्च १७६५ मध्ये पार्लमेंटने अमेरिकन वसाहतींवर मुद्रांक कर लावला: कोर्टाचे कागद, वर्तमानपत्रं, पत्ते आणि फाशांवरसुद्धा. अपेक्षित उत्पन्न वर्षाला ६० हजार पौंडांच्या आसपास. आणि ऑगस्ट १७६५ मध्ये अलाहाबादला बादशहा शाह आलमने बंगाल, बिहार, ओरिसाची दिवाणी, म्हणजे महसूल वसुलीचा हक्क, इंग्रज ईस्ट इंडिया कंपनीच्या हाती दिली. क्लाइव्हचा अंदाज होता की सगळं देऊन-घेऊन वर्षाला साडेसोळा लाख पौंड शिल्लक पडतील. अमेरिकेत दंगे झाले, बहिष्कार झाला, वर्षभरात कर मागे घेतला गेला. बंगालच्या रयतेला कर मागे घ्यायला लावणारी असेंब्ली नव्हती. १७६७ पासून तर कंपनीनेच ब्रिटिश सरकारला वर्षाला ४ लाख पौंड द्यायचं ठरलं.

१७६९-७० मध्ये पाऊस फसला. बंगालचा गव्हर्नर वॉरन हेस्टिंग्जने ३ नोव्हेंबर १७७२ ला लंडनला लिहिलेलं पत्र प्रसिद्ध आहे. प्रांतातली निदान एक तृतीयांश माणसं मेली, असं तो लिहितो, आणि त्याच वाक्यात पुढे, तरीही १७७१ ची निव्वळ वसुली १७६८ पेक्षा जास्त झाली आहे. ती कशी झाली तेही सांगतो: जोरजबरदस्तीने ती पातळी टिकवली, मेलेल्या शेजाऱ्याचा वाटा जिवंत राहिलेल्यांकडून वसूल केला. मी हजारो वसुली अहवाल वाचलेत. इतका प्रामाणिक आणि इतका भयंकर एकही नाही.

ओहायोच्या जमिनीचं काय झालं? १७६३ मध्ये पाँटियाकच्या नेतृत्वाखाली तिथल्या जमातींनी इंग्रज ठाण्यांवर उठाव केला. नवा खर्च नको म्हणून राजाने ऑक्टोबरात जाहीरनामाच काढला, की अॅपलेशियन डोंगरांच्या पलीकडे कुणी वस्ती करायची नाही. ज्या दोन लाख एकरांवरून पहिली गोळी सुटली, त्यांची सनद कुचकामी ठरली. वॉशिंग्टनने मात्र १७६७ मध्ये एका ओळखीच्या मोजणीदाराला गुपचूप पत्र लिहून पलीकडच्या चांगल्या जमिनी हेरून ठेवायला सांगितलं.

फ्रान्सने सूड म्हणून १७७८ मध्ये अमेरिकनांच्या बाजूने युद्धात उडी घेतली. अर्थमंत्री नेकरने त्याचा खर्च करवाढ न करता पुन्हा कर्जावरच भागवला. दहा वर्षांत तिजोरी कोसळली आणि १७८९ मध्ये कर मान्य करून घ्यायला बोलावलेल्या सभेतून काय निघालं ते वेगळं सांगायला नको.

कंपनीचंही बंगालच्या जिवावर फार काळ चाललं नाही. दुष्काळ, लष्करी खर्च, भागधारकांना वाटलेला लाभांश, आणि लंडनच्या गोदामांत लाखो पौंड वजनाचा न विकला गेलेला चहा. १७७२ मध्ये ती सरकारच्या दारात कर्ज मागायला उभी राहिली. १७७३ मध्ये तिला १४ लाख पौंड मिळाले, आणि जोडीला हा चहा थेट अमेरिकेत नेऊन विकायची सवलत, फक्त त्यावरचा पौंडामागे तीन पेन्स कर तसाच ठेवून. १६ डिसेंबर १७७३ च्या रात्री बॉस्टनच्या धक्क्यावर ३४२ पेट्या पाण्यात गेल्या. कंपनीने नुकसानीचा दावा लावला: ९,६५९ पौंड. तो चुकता होईपर्यंत बॉस्टन बंदर बंद ठेवायचा कायदा १७७४ मध्ये झाला. पैसे आले नाहीत.